शेठ आणि फुकट्या

ऋतुजा : म्हणजे चालू सर्व्हरची लाईट तुम्ही सरळ बंद केली?

कमलम्मा : सर्व्हरची कशाला, सगळ्या कारखान्याची. मेन स्विच पाडला. खंडेनवमीला दरवर्षी पाडते मी. हळदीकुंकू, नारळ, मग स्विच. त्या दिवशी माग थांबतो, वार्पिंग थांबतं, पाण्याची मोटर थांबते. तुझे डबे काय जावई लागून गेले?

ऋतुजा : पण मॅडम, मी युपीएस लावून गेले होते ना! लाईट गेली तरी त्यानं डबे चालू ठेवायचे...

गुरुशांत : त्यो बोंबलायलता की ओ! टीं टीं टीं टीं, भर आरतीत. अक्का म्हनल्या, ह्येला कुनी बोलिवलंय? मग मी त्येचा पन गळा दाबला.

ऋतुजा : गुरुशांतमामा, तुम्ही! मेंटेनन्सचा माणूस तुम्ही!

गुरुशांत : व्हय, म्हनून तर बटन कुटं हाय ते मला ठाव. मैंदर्गीचा मानूस हाय मी, देवाच्या कामात आडवा पडत न्हाय.

ऋतुजा : दोन दिवस टेंभुर्णीला घरी काय गेले, इथं आरती ओवाळून सर्व्हरचा जीव घेतला. मग? आज स्विच वर केल्यावर काय झालं?

कमलम्मा : व्हायचं काय? शेठ आपोआप उठला. कुणी हात न्हाई लावला. हिशोब बघणाऱ्या अंबुबाईचा पडदा लागला, हजेरीचा लागला. टोपणावर झेंडूचं फूल तसंच. शेठ तो शेठच गं. उगाच न्हाई मी त्याला पसंत केलं.

ऋतुजा : पसंत केलं? कधी? दोन डब्यांतला एक मी आल्यावर निवडायचा ठरलं होतं ना?

गुरुशांत : निकाल लागला, पोरी. तुझा फुकट्या नापास.

ऋतुजा : मामा, ती नावं तुम्ही पाडलीत. विंडोजवाल्या डब्याला 'शेठ', आणि माझ्या लिनक्सवाल्याला 'फुकट्या'. चिठ्ठ्या चिकटवल्यात, चिठ्ठ्यांवर मिशा काढल्यात...

गुरुशांत : मिशा फकस्त शेठला. फुकट्याला नुस्ती दाढी, वाढल्याली.

ऋतुजा : तेच म्हणते! असं नाव घातल्यावर कोण पास करणार त्याला?

कमलम्मा : नावावर जाते का मी? चाळीस वर्षं कारखाना चालवायलेय. अंबुबाईला विचार. फुकट्यावर काम दिलं की तिचा पडदा गाभण गाईसारखा हलायचा. शेठवर दिलं की सरसर. ती रोज सांगत होती. मी स्वतः बसून बघितलं. खरंच हळू चालायलता.

ऋतुजा : मॅडम, दोन्ही डबे एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले, आतून-बाहेरून सारखे. आणि अंबुबाईंना दिसतं ते दोन्हीकडं सारखंच. अहो, मी सांगितलं होतं ना तुम्हाला, एका घरात चार चुली.

कमलम्मा : सांगितलं होतंस. मला पटलं पण होतं. परत सांग.

ऋतुजा : डबा म्हणजे घर. आत चार चुली, म्हणजे चार व्हर्च्युअल मशीन. हिशोबाचं एक, हजेरीचं एक, असं. प्रत्येक चुलीला वाटतं आपण स्वतंत्र काँप्युटर आहोत. एकीचं दूध उतू गेलं तरी दुसरीची भाकरी करपत नाही. आपलं भांडण फक्त एवढंच होतं, की घराची मालकीण कोण? विंडोज सर्व्हर, की लिनक्स आणि त्यावरचं प्रॉक्समॉक्स? अंबुबाई चुलीपाशी बसतात. मालकीण कोण ते त्यांना दिसतसुद्धा नाही.

गुरुशांत : दिसत न्हाय कसं? जाच हुतोच की मालकिनीचा. आमच्या घरी...

कमलम्मा : साकू, साकू! पुरे तुझं. ऋतुजा, मला एक कळतं. फुकट मिळालेल्या वस्तूची मला भीती वाटते. उद्या बिघडली तर भांडायचं कुणाशी?

ऋतुजा : शेजारणीकडून विरजण आणता तुम्ही. त्याचे पैसे देता?

कमलम्मा : विरजणाचे कोण पैसे देतं?

ऋतुजा : दही चांगलं लागतं ना तरी? हे तसंच आहे. एकीनं दुसरीला दिलं, दुसरीनं तिसरीला. प्रत्येकीनं थोडं सुधारलं.

गुरुशांत : आन आंबट झालं तर शेजारीन म्हनती, तुझंच दूध खराब.

कमलम्मा : बघ! हा येडा कधी कधी बरोबर बोलतो. आता ते राहू दे. तुला एवढ्या सकाळी बोलावलं ते वेगळ्या कामाला. डिझाईनचा काँप्युटर उठेना.

ऋतुजा : तो कोपऱ्यातला जुना? पिवळा पडलेला?

कमलम्मा : तोच. स्विच वर केला, पंखा फिरला, आत कट् कट् कट् असा आवाज आला आणि गप्प. तीनदा केलं. गुरुशांतनं थापट्या मारल्या.

गुरुशांत : मायेनं मारल्या ओ.

ऋतुजा : थापट्या नका मारू आता. ती हार्ड डिस्क गेली, मॅडम. इतकी म्हातारी डिस्क वर्षानुवर्षं फिरत असते म्हणून फिरते. दोन दिवस थंड पडली की परत उठतेच असं नाही.

कमलम्मा : म्हणजे मीच मारली.

ऋतुजा : तसं नाही म्हणत मी...

कमलम्मा : मीच की. कुंकू लावून मारली. सगळी डिझाईनं त्याच्यात होती गं. नक्षी विणायच्या जेकार्ड मागाला दुसऱ्या कशातलं चालत न्हाई, तो प्रोग्राम बनवणारी कंपनी पण आता न्हाई. माझ्या हातची डिझाईनं. सासूबाई म्हणायच्या, बाई माणूस काँप्युटरसमोर बसून काय विणणार? तरी बसले. पहिला मोर काढला तेव्हा माऊस कसा धरायचा तेसुद्धा माहीत नव्हतं. हात घसरला आणि मान मागं वळली.

गुरुशांत : मला आठवतंय की. मागावर चढला तवा सासूबाई म्हनल्या, मान मोडली गं पाखराची!

कमलम्मा : आणि मी पडद्यामागं जाऊन रडले. मग तो हुबळीचा व्यापारी आला. सगळी सरळ मानेची पाखरं बाजूला सारली आणि म्हणाला, हा वळून बघणारा मोर द्या, आहेत तेवढ्या चादरी द्या. अजून दर दिवाळीला तोच मागतो. ह्याही वेळी मागितलाय. आता काय सांगू त्याला? पूजा केली आणि मोर मेला?

ऋतुजा : मॅडम, रडू नका. ऐका तरी. मोर आहे.

कमलम्मा : कुठं?

ऋतुजा : मला त्या पिवळ्या डब्याचा भरवसा नव्हताच. म्हणून घरी जायच्या आधी मी तो आख्खा काँप्युटर, त्यातलं जुनं विंडोज, तो प्रोग्राम, सगळी डिझाईनं, जसंच्या तसं उचललं आणि नवी चूल म्हणून डब्यात मांडून ठेवलं. शरीर मेलं, जीव काढून ठेवलाय.

गुरुशांत : वा गं वाघीन! परकायाप्रवेश!

कमलम्मा : सिद्धरामेश्वरा! पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो. गुरुशांता, हिच्यासाठी चहा सांग. कडक भाकरी, शेंगाची चटणी आण घरातनं. आणि ऋतुजा, त्या शेठला मी परत एक नारळ फोडते बघ.

ऋतुजा : शेठला नाही, मॅडम. फुकट्यात ठेवलाय मी.

कमलम्मा : कशात?

ऋतुजा : फुकट्यात. माझ्या लिनक्सवाल्यात. शेठमध्ये पण एक ठेवणार होते, पण एसटीची वेळ झाली. का? काय झालं? फुकट्या कुठंय? मामा, तो दुसरा डबा कुठंय?

गुरुशांत : मी चहा सांगून येतो हं.

कमलम्मा : थांब तिथं! ऋतुजा... तो मी दिला.

ऋतुजा : कुणाला?

कमलम्मा : अक्कलकोटला. माझ्या भाच्याला, सिद्धनाथला. त्याला दुकानात काँप्युटर हवा होता. मला वाटलं, एवीतेवी नापास झालाय, पडून काय करायचा? पूजेच्या आदल्या दिवशी आपल्या धुळा ड्रायव्हरचा टेंपो टॉवेल घेऊन तिकडंच चाललाता, त्यात ठेवायला लावला.

ऋतुजा : मला न विचारता?

कमलम्मा : तू सणाला गेलेली. म्हटलं कशाला त्रास द्यायचा.

ऋतुजा : फोन करा त्यांना. आत्ता. म्हणावं, डब्याला हात लावू नका. चालू करू नका, काही नवीन घालू नका, पुसू नका.

गुरुशांत : अक्का, फोन करायच्या आदी एक बोलू का? समजा...

कमलम्मा : तू गप! चष्मा कुठंय माझा? हां. हॅलो, सिद्धू? मी अत्ती बोलतेय, सोलापूरहून. दसऱ्याचं सोनं घ्या, सोनं. बरं ऐक, तो डबा पोचला का? ...पोचला. चांगला हाय? ...बरं. त्याला हात न्हाई ना लावलास? ...कधी? ...सगळं? ...म्हणजे आधीचं काहीच न्हाई त्यात? ...न्हाई रे, तुझी काय चूक. मीच दिला होता. ...न्हाई न्हाई, रागावले न्हाई. देवळात गेलास की माझा नमस्कार सांग. ठेवते.

ऋतुजा : पुसला?

कमलम्मा : दसऱ्याच्या मुहूर्तावर. सगळं धुऊन पुसून नवीन टाकलं म्हणाला. खूष होता पोरगा.

ऋतुजा : मग गेला मोर.

कमलम्मा : एकदा कुंकू लावून मारला, एकदा टेंपोत घालून मारला. मोराच्या मागंच लागले होते जणू मी.

गुरुशांत : अक्का.

कमलम्मा : काय रे?

गुरुशांत : समजा, हां, नुस्तं समजा. एकाद्या मानसानं गंमत म्हनून त्या चिठ्ठ्या...

ऋतुजा : कुठल्या चिठ्ठ्या?

गुरुशांत : मिशीची आन दाढीची.

ऋतुजा : मामा. काय केलंत तुम्ही?

गुरुशांत : मी न्हाय, एकाद्या मानसानं. त्येला काय झालं, अंबुबाई रोज कुरकुर करायल्या. फुकट्या हळू, फुकट्या हळू. त्या मानसाला शंका आली, की ही बया डबा बगती का चिठ्ठी बगती? म्हनून त्येनं एक दिवस ह्येची चिठ्ठी त्येला आन त्येची ह्येला लावली. डबे जागचे हललं न्हाईत. नुस्त्या चिठ्ठ्या.

ऋतुजा : आणि?

गुरुशांत : आन काय! तक्रार चिठ्ठीसंगं उठून शेजारी जाऊन बसली! कालपतुर जो सरसर पळायलता, त्येच्यावर दाढी लागली की त्यो लंगडायला लागला. हसून हसून माजं पोट दुखायलं की ओ.

कमलम्मा : गुरुशांता, मी स्वतः बसून बघितलं होतं. हळू चालायलता.

गुरुशांत : व्हय अक्का. तवा मी दारामागंच हुतो.

कमलम्मा : अय्यय्यो! मला? माझ्या कारखान्यात? माझ्यामागं हसत होतास?

ऋतुजा : मॅडम, थांबा, नंतर रागवा! याचा अर्थ कळला का तुम्हाला? चिठ्ठ्या उलट्या होत्या! म्हणजे अक्कलकोटला गेला तो विंडोजवाला. माझा लिनक्सवाला इथंच आहे, मिशा लावून!

गुरुशांत : न्हाय, तसं ठाम न्हाय सांगता येत.

ऋतुजा : का नाही?

गुरुशांत : गंमत लागली ना ओ. मी परत बदलल्या. मग परत. अंबुबाई चहाला उठल्या की मी बदलायचो. किती डाव झालं ते कुनाला ठाव? शेवटच्या टायमाला मिशी कुनाला हुती, कसम सांगतो, मला आठवंना. म्हनून तर मगापासनं जीभ रेटंना. उगं अक्काला आशा लावायची आन परत...

कमलम्मा : सरळ होतं का उलटं होतं, एवढं पण ध्यानात न्हाई?

गुरुशांत : चोर पन येवडा हिशोब ठिवत न्हाय, अक्का.

ऋतुजा : माझी पण चूक. मी लॅपटॉपवरून आत जाते, डब्याकडं ढुंकून बघत नाही. मामा, माझा डबा खिडकीकडं होता. धुळानं कुठला उचलला? खिडकीकडचा की भिंतीकडचा?

गुरुशांत : पूजेच्या साफसफाईला दोनी खाली काढल्ते. धुळानं दाढी बघून उचलला.

कमलम्मा : काहीतरी कळेल ना उघडून? उघड की! बघत काय बसलाय दोघं?

ऋतुजा : उघडतेय. हा वायफायचा डबा का बंद आहे?

गुरुशांत : त्येच्यात कुंकू गेलंय. थांब, फुंकर मारतो. फू. हां, आला बग हिरवा दिवा.

ऋतुजा : लागला. आता जर निळा रंग आला, तर विंडोज. तर मग... बघू.

कमलम्मा : मी बघत न्हाई. तू सांग.

गुरुशांत : सिद्धेश्वरा, एक डाव सांबाळ. पुन्यांदा चिठ्ठीला हात लावनार न्हाय. मिशी काडून टाकतो, माजी सुदिक.

ऋतुजा : मॅडम.

कमलम्मा : काय?

ऋतुजा : फुकट्याच आहे.

कमलम्मा : नीट बघ.

ऋतुजा : प्रॉक्समॉक्स लिहिलंय. माझाच पासवर्ड घेतला त्यानं. ही बघा यादी. हिशोब चालू, हजेरी चालू, आणि ही खालची झोपलेली, 'कमलमॅडम डिझाईन'. मीच दिलेलं नाव आहे हे. भर आरतीत गळा दाबला तरी घराला तडा नाही.

गुरुशांत : हे! बगा अक्का! मी नसतो तर मोर अक्कलकोटात पुसला गेला असता का न्हाय? सरळ साध्या मानसानं चिठ्ठ्या लावल्या असत्या, तर आज रडत बसला असता. काय म्हनता?

कमलम्मा : तू नसतास तर मी आधीच बरोबर निवडलं असतं, गाढवा!

ऋतुजा : तेही खरं नाही, मॅडम. तुम्ही नावावर निवडलं असतं.

कमलम्मा : ...बरं. असं असं. असू दे. चालू कर ती झोपलेली.

ऋतुजा : केली. थोडा वेळ घेईल, जुनं विंडोज आहे.

कमलम्मा : घेऊ दे. आधीपण घ्यायचं. तेवढ्यात मी पूर्वी भाजी फोडणीला टाकून यायची. तो बघ, तोच आवाज! नव्या डब्यातनं तोच आवाज! पासवर्ड विचारलाय का? न्हाई ना? नुसतं एन्टर दाब. तेव्हा कशाला पासवर्ड, सासूबाईंना कुठं वाचता येत होतं.

ऋतुजा : मॅडम, तोपर्यंत एक सांगते. आज हा वाचला म्हणून हाच घ्या असं मी नाही म्हणणार. विंडोज असता तरी कदाचित असाच उठला असता. दोन्ही चांगलं घर चालवतात. आज वाचलो ते मामांच्या चावटपणानं.

गुरुशांत : लिवून दे मला हे. फ्रेम करतो.

कमलम्मा : मग निवडायचं कसं? चिठ्ठीवर निवडलं ती चूक. देवानं उठवला म्हणून निवडायचं तर ते पण तू न्हाई म्हणतेस. तू सांग, मध्येच अडलं, तर दोन्हीतलं कुठलं तू हातानं उघडून दुरुस्त करशील?

ऋतुजा : लिनक्स. ते मला आतून माहीत आहे. विंडोज सर्व्हर अडला तर मलाच दुसऱ्या कुणाला तरी फोन करावा लागेल.

कमलम्मा : झालं की मग. ज्या मागवाल्याला माग उघडता येतो त्याच्याच हातात देते मी माग. पण तू पुण्याला निघून गेलीस तर?

ऋतुजा : आत्ता तरी नाही जात.

कमलम्मा : 'आत्ता तरी'वर कारखाना चालत न्हाई. तुझ्याशिवाय इथं अजून एकाला आलं पाहिजे. गुरुशांता.

गुरुशांत : जी?

कमलम्मा : उद्यापासनं रोज हिच्यापाशी बसायचं. लिनक्स शिकायचं.

गुरुशांत : मी? अक्का, माज्या वयाला? मला ओ-टी-पी येत न्हाय वाचता!

कमलम्मा : अंबुबाई चहाला उठली की शिक. तेव्हा तुझ्या अंगात लई हुशारी असते.

ऋतुजा : आणि मामा, तो दुसरा डबा पण परत आणा. त्यावर पण हेच घालू. मग सगळ्या चुलींची रोज एक नक्कल तिकडं. एक घर पडलं तरी दुसऱ्यात भाकरी शिजेल.

गुरुशांत : सिद्धनाथला काय सांगू?

कमलम्मा : सांग, अत्तीनं चुकून नवरदेव पाठवला होता, वरमाय येऊन घेऊन जाते. त्याला नवा घेऊन देईन मी. आणि पुढच्या खंडेनवमीला स्विच पाडायच्या आधी...

ऋतुजा : मला विचारायचं.

कमलम्मा : विचारायचं न्हाई. तू असायचं हितं. नऊवारी नेसून. तुझे डबे तू नीट झोपवायचे, मग मी कुंकू लावणार, मग स्विच. काम बंद म्हणजे बंदच.

ऋतुजा : चालेल. उघडला, मॅडम. प्रोग्राम उघडला. बघा, सगळी नावं आहेत. कुठलं काढू?

कमलम्मा : सगळ्यात वरचं.

(पडद्यावर हळूहळू मोर उमटतो.)

गुरुशांत : आला की ओ पाव्हना.

कमलम्मा : हं.

ऋतुजा : किती छान आहे हा! मॅडम, फक्त मान... इथं मोठं करून चार-पाच ठिपके सरकवले की सरळ होईल. आता सोपं आहे. एक मिनिटाचं काम. करू?

कमलम्मा : माऊसवरनं हात काढ.

ऋतुजा : सॉरी. मला वाटलं...

कमलम्मा : वळून बघायलाय गं तो. बघू दे.